मृदुलानं हाक मारली नाही

भोंगा वाजला तेव्हा डेकवरच्या सगळ्यांनी कानांवर हात नेले. मृदुलानं नेले नाहीत.

बोट सुटायच्या आधी प्रवाशांकडून एक कवायत करून घेतात. आम्ही दीड-दोनशे माणसं नारिंगी लाईफ जॅकेटं चढवून रांगेत उभे होतो आणि एक बाई माईकवरून इंग्रजीत सूचना देत होती. मग भोंगा सुरू झाला. सात छोटे आणि शेवटी एक लांबलचक. तो शेवटचा इतका मोठा होता की छातीचा पिंजरा थरथरला. माझी बायको मृदुला माझ्या शेजारीच होती. तिनं इराला दोन्ही काखांत धरून स्वतःपासून हातभर लांब, तोंडासमोर उचललं होतं आणि ती तिच्या चेहऱ्याकडे एकटक बघत होती. आपल्या मुलीकडे कुणी असं बघत नाही. एखादी वस्तू आपली आहे की दुसऱ्याची, हे ठरवताना माणूस बघतो तसं ती बघत होती.

भोंगा थांबला. तिनं इराला माझ्याकडे दिलं.

"धरा हिला."

तिनं शेजारचा कठडा घट्ट धरला.

"काय झालं?"

"काही नाही. बोट हलतेय ना, म्हणून."

बोट सिंगापूरच्या धक्क्याला दोरखंडांनी बांधलेली होती. हलत नव्हती.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. कराडला माझं पंपांचं आणि पाइपांचं दुकान आहे. त्या वर्षी आमचा खप चांगला झाला म्हणून कंपनीनं काही डीलरांना जोडीनं क्रूझवर पाठवलं. तीन रात्री, सिंगापूरहून पेनांग आणि परत. इराला चौदावा महिना चालू होता. वर्षाच्या आतलं मूल त्या बोटीवर घेत नसत, त्यात ती जेमतेम बसली. तरी मी म्हणत होतो की तिला आईजवळ ठेवू. आईही तयार होती. पण लग्नाला चार वर्षं होऊन ज्या मृदुलानं माझ्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, ती म्हणाली, "इरा येणार असेल तर मी येते. नाहीतर तुम्ही एकटे जाऊन या."

निघायच्या दिवशी सकाळी आई दुकानात आली. ती कधी दुकानात येत नसे.

"श्रीरंग, तिच्यावर लक्ष ठेव."

"कुणावर?"

"मृदुलावर. तू दिवसभर इथं असतोस, घरात मी बघते. पोरीच्या मागं मागं चोरपावलांनी चालते. पडद्यामागं उभी राहते. पोरगी खेळत असते आणि ही भिंतीला टेकून रडत असते. रघूच्या बायकोचं असंच सुरू झालं होतं."

रघुदादा माझा चुलतभाऊ, मिरजेचा. बाळंतपणानंतर वहिनींच्या मनावर परिणाम झाला होता. एका दुपारी त्यांचं बाळ गच्चीवरच्या टाकीत सापडलं. वेळेवर सापडलं म्हणून वाचलं. वहिनी त्यानंतर त्या घरात राहिल्या नाहीत. आमच्याकडे हा विषय कुणी काढत नाही. आईनं तो आपणहून काढला.

बोटीवर पहिल्या संध्याकाळी जेवताना आमच्या टेबलावर बार्शीचे डीलर साळुंखे होते. तात्या आणि काकू. काकूंनी इराला मांडीवर घेतलं ते सोडलंच नाही. भोवती ताटांचा आणि माणसांचा कल्लोळ होता, स्टेजवर बँड वाजत होता, आणि इरा काकूंच्या बांगड्या फिरवत बसली होती.

"किती गुणाचं लेकरू!" काकू म्हणाल्या. "आमच्या नातवंडानं आतापतूर बोट डोक्यावर घेतली असती. ही एवढी शांत कशी काय गं?"

मला बरं वाटलं. मृदुला मात्र ताट तसंच ठेवून उठली आणि हात धुवायला म्हणून गेली ती अर्ध्या तासानं परतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेनांग आलं. बहुतेक सगळे डीलर शहर बघायला उतरले. मृदुला म्हणाली, "इराला ऊन लागेल, आम्ही थांबतो." समुद्रात फोनला रेंज नव्हती, म्हणून मी मात्र धक्क्यावर उतरलो आणि आईला फोन लावला. जेवत नाही, बोलत नाही, इराकडे कशी बघते, सगळं सांगितलं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पोरीला तिच्याजवळ एकटी सोडू नकोस."

"आई, तसं काही नसेल गं."

"रघूपण असंच म्हणायचा."

मी जवळजवळ धावतच बोटीवर परत आलो. केबिनमध्ये दोघी नव्हत्या. जेवणाच्या हॉलमध्ये नव्हत्या. वरच्या डेकवर, मुलांच्या खेळण्यांजवळ, कुठेच नव्हत्या. बोट सुटायची वेळ होत आली होती, शहर बघायला गेलेली माणसं शिड्या चढून परत येत होती, आणि मी त्यांच्यातून उलटा धक्के देत जात होतो. शेवटी अगदी वरच्या मजल्यावर, जिथं बोटीचं मोठं धुराडं आहे, तिथं मला मृदुलाची निळी ओढणी दिसली.

ती कठड्यापाशी उभी होती. इराची टोपी तिनं पार डोळ्यांवर ओढली होती. आणि इराला तिनं दोन्ही हातांनी हवेत, स्वतःच्या अंगापासून लांब धरलं होतं. पलीकडे कठडा आणि त्याच्याही खाली, दहा मजले खोल, हिरवट पाणी.

मी ओरडलो नाही. ओरडलो तर ती दचकेल आणि हात सुटतील, एवढंच मला सुचलं. मी तिच्याकडे चालत गेलो. ते वीसेक पावलांचं अंतर मला अजून आठवतं. मधे एक ओला टॉवेल पडला होता, तो मी ओलांडला. मी तिच्या मागे पोचलो आणि त्याच वेळी आमच्या डोक्यावर भोंगा वाजला. मी झडप घालून इराला ओढून घेतलं. मृदुलानं वळून माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता.

"काय करत होतीस तू?"

तिचे ओठ हलले. भोंग्यात मला काही ऐकू आलं नाही. तो थांबल्यावर मी पुन्हा विचारलं.

"वारा खात होतो," ती म्हणाली.

मी पुढं काही बोललो नाही. बोललो तर काय ऐकावं लागेल याची मला भीती वाटत होती. त्या रात्री झोपेपर्यंत मी इराला कडेवरून खाली ठेवलं नाही. मृदुलानं ते पाहिलं. तिनंही काही विचारलं नाही.

तिसरा दिवस सगळा समुद्रातच होता. सकाळी नाश्त्यानंतर इरा माझ्या खांद्यावरच झोपली. मी तिला केबिनमधल्या तिच्या छोट्या पलंगात ठेवलं. मृदुला आंघोळीला गेली होती, दाराआडून पाण्याचा आवाज येत होता. इराचं दूध गरम करून आणायला पाच मिनिटं लागतील, तेवढ्यात काय होणार, असा विचार करून मी गेलो.

परत येताना केबिनच्या बाहेर मला आवाज ऐकू आला. धातूवर धातू आपटल्याचा. एकदा, मग जरा थांबून पुन्हा. मी दार ढकललं.

मृदुला ओल्या केसांनी इराच्या पलंगावर वाकून उभी होती. आम्ही घरून खिमटाचा जड पितळी डबा आणला होता. तो तिच्या एका हातात, इराच्या डोक्याच्या बरोबर वर, वीतभर अंतरावर होता. दुसऱ्या हातात पळी होती. आणि ती रडत होती, आवाज न करता, तोंड उघडं टाकून.

मी डबा हिसकावून घेतला. तिनं प्रतिकार केला नाही.

"मृदुला, बस खाली."

ती पलंगाच्या कडेवर बसली.

"तुला बरं वाटत नाहीये. तू झोप जरा. मी इराला बाहेर घेऊन जातो."

"मला तुमच्याशी बोलायचंय," ती म्हणाली. "आज बोलायचंच होतं. आता झालं माझं सगळं करून."

'सगळं करून' या शब्दांचा मी एकच अर्थ घेतला. झोपलेल्या इराला उचललं आणि मी बाहेर पडलो. मागून तिनं हाक मारली, "अहो, ऐकून तरी घ्या." मी दार ओढून घेतलं.

स्विमिंग पूलच्या डेकवर साळुंखे काकू खुर्चीत बसल्या होत्या. मी इराला त्यांच्या मांडीवर दिलं, आणि जे मी आयुष्यात कुणाजवळ बोललो नसतो ते बोललो. माझ्या बायकोचं डोकं ठिकाणावर नाही. पोरीच्या जिवाला काही करेल अशी भीती वाटते. उद्या सिंगापूर येईपर्यंत हिला तुमच्याजवळ ठेवा, ती मागायला आली तरी देऊ नका. काकूंनी तोंडावर पदर धरला. शेजारी आणखी दोन डीलरांच्या बायका होत्या. त्यांनीही ऐकलं. मी आवाज कमी केला नव्हता.

तासाभरानं मृदुला वर आली. केस विंचरलेले, साडी नीट नेसलेली. इरा उठली होती आणि काकूंच्या पायाशी उभी राहून खुर्चीचा पट्टा ओढत होती. मृदुला सरळ तिच्याकडे गेली. काकूंनी घाईघाईनं इराला उचलून छातीशी धरलं.

"द्या ना इकडे काकू."

"राहू दे गं जरा माझ्यापाशी. तू जा, पड जा निवांत."

"तिची खायची वेळ झालीय."

"मी भरवते की. तू जा."

मृदुला थांबली. तिनं काकूंकडे पाहिलं, मग त्या दोन बायकांकडे. त्यातली एक नजर चुकवून उठली आणि लांब जाऊन बसली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"काय सांगितलंत तुम्ही यांना?"

मी पूलमधल्या पाण्याकडे बघायला लागलो.

"अहो, मी विचारतेय. माझ्याबद्दल काय सांगितलंत?"

"तमाशा नको करूस. खाली चल."

"काय सांगितलंत?"

तिचा आवाज चढला. तात्या साळुंखे मधे पडले, "वहिनी, शांत व्हा, श्रीरंगराव, तुम्ही पण," असं काहीतरी म्हणत राहिले. काकू उठून उभ्या राहिल्या. उठताना त्यांनी इराला खाली सोडलं. मी मृदुलाचा दंड धरला, तिनं तो झटकला. आम्ही चार मोठी माणसं एकमेकांकडे तोंडं करून बोलत होतो, सगळेच एका वेळी.

"पोरगी कुठाय?" तात्या म्हणाले.

इरा आमच्यापासून बरीच लांब गेली होती. तिला चालायला लागून तीनच आठवडे झाले होते. दोन्ही हात वर धरून, आमच्याकडे पाठ करून, ती झपझप चालली होती. तिच्या समोर खालच्या डेकवर उतरणारा लोखंडी जिना होता. धुण्यापुसण्यासाठी बोटीवरच्या लोकांनी त्याची साखळी काढून ठेवली होती. जिना उभा होता आणि पाण्यानं चकाकत होता.

"इरा!" मी ओरडलो.

माझा आवाज मोठा आहे. दुकानातून रस्त्यापलीकडच्या गोडाऊनमध्ये हाक मारायची सवय आहे मला. "इरा! थांब! इरा!" काकू ओरडल्या, तात्या ओरडले, त्या बायका ओरडल्या. पूलमध्ये पोहणारी माणसं थांबून बघायला लागली. पार टोकाला पेपर वाचत बसलेल्या एका म्हाताऱ्या चिनी माणसानं मान वर केली. आख्ख्या डेकनं आमच्याकडे वळून पाहिलं. जिला आम्ही हाका मारत होतो, ती तेवढी वळली नाही. तिची चाल एका पावलानंही मंदावली नाही.

मृदुलानं हाक मारली नाही. ती नुसती धावली. चपला तिथंच टाकून, साडी गुडघ्यांपर्यंत धरून, ओल्या फरशीवरून ती धावली. शेवटच्या दोन पावलांवर घसरली आणि आडवी पडत पडत तिनं इराचा फ्रॉक पकडला. इराचा एक पाय पहिल्या पायरीच्या पलीकडे, हवेत होता.

मी जागच्या जागी उभा होतो. माझं तोंड अजून उघडं होतं. आम्ही सगळे ओरडत असताना हिनं एकदाही हाक का मारली नाही, हा प्रश्न मला पडला, आणि तो पडत असतानाच मला त्याचं उत्तर कळलं.

मी चालत त्यांच्यापाशी गेलो. मृदुलाच्या कोपरातून रक्त येत होतं. तिनं इराला मांडीत घट्ट धरलं होतं. मी त्यांच्या मागे गुडघ्यांवर बसलो आणि इराच्या डोक्यामागे तोंड नेऊन, अगदी कानाशी, म्हणालो, "इरू."

इरा आईच्या मंगळसूत्राशी खेळत राहिली.

"इरू, बाळा."

"नाही येत तिला ऐकू," मृदुला म्हणाली. "काहीच नाही."

मग ती स्वतःच बोलायला लागली, माझ्याकडे न बघता. "घरी नीट कळायचं नाही. कुणी ना कुणी असतंच. जमिनीवर पाऊल आपटलं की तिला समजतं, सावली पडली तरी वळते. मग सगळे म्हणतात, बघ, वळली की. इथं आपण तिघंच असणार होतो. मला एकदाची खात्री करायची होती. पहिल्या दिवशी भोंगा झाला तेव्हा ती हसली. मला वाटलं, ऐकलं! मग मला वाटलं, छातीत थरथरलं म्हणून हसली असेल. म्हणून काल भोंग्याखाली नेऊन डोळ्यांवर टोपी ओढली, माझ्या अंगाला लागू दिलं नाही, कठड्याला टेकू दिलं नाही. आज झोपेत डबा वाजवला. डोक्याशी."

"मला सांगायचं नाही का?"

तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं.

"सांगितलं होतं. संक्रांतीला."

हे मी आधीच सांगायला हवं होतं. खरं तर मी ते विसरलो होतो, किंवा विसरलो असं मी स्वतःला पटवलं होतं. संक्रांतीच्या संध्याकाळी हळदीकुंकवाच्या बायका गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन म्हणाली होती, "मला इराच्या कानांची शंका येतेय." आणि मी म्हणालो होतो, "माझ्या मुलीत पुन्हा खोट काढलीस तर याद राख." त्यानंतर दोन दिवस मी तिच्याशी बोललो नव्हतो. मग तिनं तो विषय काढला नाही. ती पडद्यामागे उभी राहायला लागली.

काकू आमच्याजवळ आल्या. त्यांनी खाली बसून मृदुलाचं कोपर आपल्या पदरानं पुसलं. "चुकलं गं पोरी माझं," एवढंच त्या म्हणाल्या. मला तेवढंही म्हणता आलं नाही.

पुढं पुण्याला तपासण्या झाल्या. ऑपरेशन झालं, कानामागं यंत्र बसलं, वर्षानुवर्षं शिकवणी चालली. मृदुला सहा वर्षं आठवड्यातून दोनदा कराड-पुणे एसटीनं करायची. इरा आता आठवीत आहे, बोलते, भांडते, चित्रं छान काढते. पण तिचे काही शब्द अजून आम्हालाच समजतात. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी विचारलं होतं, "इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही? या वयात एकेक महिना मोलाचा असतो." मृदुला खाली बघत राहिली. तिनं माझं नाव घेतलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं आहे. चौथ्या दिवशी सकाळी बोट सिंगापूरला लागली. सामान बाहेर येईपर्यंत आम्ही धक्क्यावरच्या हॉलमध्ये थांबलो होतो. मृदुला बाकावर बसून इराला केळं भरवत होती. मी जरा लांब, खांबाआड गेलो आणि आईला फोन लावला.

"आई, इराला ऐकू येत नाही."

मला वाटलं ती किंचाळेल, नाहीतर मला वेड्यात काढेल.

"आई, ऐकतेयस ना?"

"दिवाळीतच वाटलं होतं मला," आई म्हणाली.

"काय?"

"शेजारच्यांनी अंगणात ॲटमबाँब लावला होता. मांजर ताडकन उडून पलंगाखाली गेलं. मी सुद्धा दचकले. आणि ही पोरगी दाराकडं पाठ करून चकली चोखत बसली होती. तशीच बसून राहिली."



"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते म्हणजे ते खरं झालं असतं रे."

"आणि मृदुलाबद्दल मला जे सांगितलंस ते? रघुदादाच्या बायकोचं?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"तिला कळत चाललं होतं," आई म्हणाली. "आज ना उद्या ती तुला सांगणार होती. मला वाटलं, तुझा तिच्यावर विश्वास बसू नये."

मग ती रडायला लागली. मी फोन बंद केला. थोडा वेळ तिथंच उभा राहिलो. आमच्या गटातले लोक बॅगा ओढत जात होते, एकमेकांचे फोटो काढत होते.

मी परत बाकापाशी आलो. मृदुलानं इराचं तोंड पुसलं आणि वर पाहिलं.

"आईंना सांगितलंत?"

"हो."

"काय म्हणाल्या?"

"रडल्या."

तिनं मान हलवली. डोळे पुसले. लग्नानंतर आईबद्दल ती इतक्या मायेनं कधी बोलली नव्हती.

"किती धक्का बसला असेल त्यांना," ती म्हणाली. "बिचाऱ्यांना काही कल्पनाच नव्हती."

"नव्हती," मी म्हणालो, आणि बॅगा उचलल्या.